व्याख्यान नको, आधी तारीख सांगा!

फौजदारी खटल्यात वकील दोन. एक आरोपीचा. तो आरोपीने रोख पैसे मोजून आणलेला असतो, तेव्हा तो कोणाचा हे कोणास सांगावे लागत नाही. दुसरा सरकारी वकील. हा कोणाचा? आमच्या जामच्या चौरस्त्यावर, जेथे नागपूरचा रस्ता फुटून एक वाट हैदराबादेकडे व दुसरी चंद्रपुराकडे जाते, तेथे चहाच्या टपरीवर बसलेल्या कोणाही शेतकऱ्यास अगर मजुरास हे विचारून पाहावे. तो म्हणेल, "सरकारी वकील सरकारचा. आपला कायचा?" ज्याचे डोके फुटले, ज्याची कडब्याची गंजी पेटली, जिच्या घरात शिरून हात धरला गेला, त्या सर्वांच्या बाजूने कोर्टात बोलणारा हाच एक माणूस आहे, ही गोष्टच आमच्या रयतेस ठाऊक नाही. चोराचा वकील चोरास नावाने ओळखतो, घरी बोलावतो, पाणी देतो, धीर देतो. लुटलेल्याचा वकील लुटलेल्यास पहिल्यांदा पाहतो तो साक्षीच्या दिवशी, कोर्टाच्या पडवीत, आणि तेही फाईल चाळता चाळता!

हे अज्ञान घालविण्यासाठी सरकारने काय केले? जनजागृती केली.

जनजागृती म्हणजे काय ते खेड्यातील वाचकांस सांगावयास नको. शाळेचा हॉल अगर देवळाचा सभामंडप. मागे फ्लेक्स, त्यावर साहेबांची छबी. दीपप्रज्वलन, हार, शाल, नारळ, प्रास्ताविक. श्रोते कमी पडतात म्हणून आम्हां मास्तरांस हुकूम सुटतो की सहावी-सातवीची पोरे आणून बसवा. पोरे बसतात. मग एक साहेब सांगतात की कायद्याचे अज्ञान ही सबब चालत नाही. दुसरे सांगतात की हेल्मेट घाला. तिसरे सांगतात की 1 जुलै 2024 पासून पीनल कोड जाऊन भारतीय न्याय संहिता आली, क्रिमिनल प्रोसिजर कोड जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, एव्हिडन्स ॲक्ट जाऊन भारतीय साक्ष अधिनियम आला; आणि मग कलमांचे जुने आकडे व नवे आकडे पाढ्यासारखे वाचून दाखवितात. टाळ्या. आभार. चहा-बिस्कीट. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो.

आमच्या भागातल्या एका गावी अशाच एका शिबिरात आम्ही मागे उभे होतो. शेवटी "कोणास काही शंका?" असे विचारणे झाले. सहसा शंका नसते, कारण चहा आलेला असतो. त्या दिवशी एक म्हातारी उठली व म्हणाली, "साहेब, माया पोराले मारलं त्या केसची तारीख कवा हाये?" व्यासपीठावर थोडे हसू झाले. उत्तर मिळाले की, "आजी, हा कार्यक्रम जनजागृतीचा आहे, वैयक्तिक प्रश्न कोर्टात येऊन विचारा." म्हातारी बसली. वाचकहो, त्या सबंध सभेत जागे असलेले माणूस तेवढे एकच होते, आणि त्यास खाली बसविण्यात आले!

ट्रेनिंग कॉलेजात आम्हांस पहिल्याच वर्षी शिकविले होते की मुलास जे ठाऊक आहे तेथून निघावे व जे ठाऊक नाही तेथे त्यास न्यावे. म्हातारीस तिची केस ठाऊक आहे. तिची तारीख का पडली, तारीख पाडली कोणी, चार्ज म्हणजे काय, जामीन म्हणजे सुटका नव्हे, हे तिला तिच्याच केसवरून सांगितले असते तर बसलेल्या सगळ्या गावास फौजदारी कायदा समजला असता. परंतु आमचे साहेब कलमाच्या आकड्यापासून निघतात व कलमाच्या आकड्यावर पोचतात. भटजीची पोथी संस्कृतात होती, ती कोणास कळत नसे आणि न कळण्यातच तिचा मान होता, म्हणून आपल्या वाडवडिलांनी ओरड केली. आता पोथी बदलली, पुढे बसणारे तेच राहिले.

हे खाते कसे उभे राहिले ते सांगितले पाहिजे, कारण त्यातच दुखण्याचे मूळ आहे. पूर्वी खालच्या फौजदारी कोर्टात पोलीस प्रॉसिक्यूटर उभा राहत असे. पकडणारा पोलीस, खटला चालविणाराही पोलीस. 1973 चा प्रोसिजर कोड 1 एप्रिल 1974 पासून अमलात आला, त्यात खालच्या कोर्टासाठी सहायक सरकारी वकील नेमावे व पोलीस अधिकाऱ्यास ती जागा देऊ नये असे तत्त्व आले. महाराष्ट्रात काय झाले? जुन्या पोलीस प्रॉसिक्यूटरांसच नवी पाटी मिळाली आणि ताबा पोलीस खात्याचाच राहिला. अखेर 1995 साली शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सुप्रीम कोर्टाला सांगावे लागले की, खटला चालविणारे खाते पोलिसांच्या हाताखालून काढून वेगळे करा. पुढे अभियोग संचालनालय नावाचे खाते गृहविभागाखाली आले. तालुक्याच्या कोर्टात बसणाऱ्या गृहस्थास आता सहायक सरकारी अभियोक्ता म्हणतात. हा शब्द एका दमात बिनचूक उच्चारून दाखविणाऱ्या शेतकऱ्यास आम्ही पदरचे बक्षीस देऊ! सेशन कोर्टात जिल्हा सरकारी वकील असतात. ते वकिली करणाऱ्यांतून ठराविक मुदतीपुरते सरकार नेमते, आणि तेथे सरकार बदलले की माणसे बदलतात हे कोणापासून लपलेले नाही.

म्हणजे खाते पोलिसांपासून सुटले हे खरे. परंतु सुटून लोकांकडे आले नाही. मधल्या वाटेत, तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात, एका खोलीत बसून राहिले. पोलिसाचे ठाणे गावास ठाऊक आहे, तहसील ठाऊक आहे, बँक ठाऊक आहे. सरकारी वकिलाची खोली कोठे, हे समुद्रपूर-हिंगणघाटला वर्षानुवर्षे तारखांस जाणाऱ्या माणसासही पक्के सांगता येत नाही.

आमच्या जिल्ह्यातलीच गोष्ट घ्या. 3 फेब्रुवारी 2020 रोजी हिंगणघाटास नंदोरी चौकात एका तरुण प्राध्यापिकेस भर सकाळी पेट्रोल ओतून पेटविण्यात आले. 10 फेब्रुवारीस ती नागपुरास वारली. लोक रस्त्यावर आले, मंत्री आले, सरकारने उज्ज्वल निकम यांच्यासारखा नामांकित वकील विशेष सरकारी वकील म्हणून दिला. 10 फेब्रुवारी 2022 रोजी, तिच्या मृत्यूस दोन वर्षे पुरी झाली त्याच दिवशी, हिंगणघाटच्या कोर्टाने आरोपीस जन्मठेप ठोठावली. आम्हांस त्याचे समाधान आहे. कोर्ट तेच, कायदा तोच, जिल्हा तोच. राज्याचे डोळे लागले तेव्हा सगळे काम झाले. आता त्याच इमारतीत, त्याच आठवड्यात, एखाद्या निंदणाऱ्या बाईचे छेडछाडीचे प्रकरण असेल तर तिच्या वाट्यास काय येते? पाच मिनिटे. "तुझेच नाव ना? जबाबात लिहिले तेच सांगायचे, घाबरू नको, चल." बस्स! चांगला वकील मिळण्यासाठी आमच्या लेकीबाळींनी आधी चौकात जळून दाखवावे अशी सरकारची अपेक्षा आहे काय?

आणि जेथे डोळे हटतात तेथे काय होते तेही पाहा. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात खर्डा नावाचे गाव आहे. तेथे 28 एप्रिल 2014 रोजी सतरा वर्षांच्या एका दलित शाळकरी मुलास शाळेतून ओढून नेऊन ठार करण्यात आले. मंत्री तेथेही गेले, आश्वासने तेथेही दिली. नोव्हेंबर 2017 मध्ये निकाल लागला तो असा की सर्व आरोपी निर्दोष! कारण एकामागून एक साक्षीदार उलटले. लिहिताना लाज वाटते, पण त्यांत शाळेतली माणसेही होती. म्हणजे आमच्याच पेशाची. आम्ही त्यांची वकिली करीत नाही. परंतु इतके विचारतो की, 2014 ते 2017 या तीन वर्षांत त्या साक्षीदारांस गावात रोज कोण भेटत होते? आरोपींचे नातेवाईक भेटत होते, पुढारी भेटत होते, पाण्याच्या टाकीवर, लग्नात, सोसायटीत, सगळीकडे. खटला चालविणाऱ्या खात्याचा माणूस त्या तीन वर्षांत त्यांच्या दाराशी किती वेळा गेला? साक्षीदार कोर्टात उलटत नाही. तो गावात, आपल्या ओट्यावर, रात्री उलटतो. कोर्टात तो नुसता कळवावयास येतो.

हे सुप्रीम कोर्टास कळले नाही असे नाही. 5 डिसेंबर 2018 रोजी साक्षीदार संरक्षण योजनेस मंजुरी देऊन ती देशभर कायद्यासारखी पाळावी असे कोर्टाने सांगितले. त्या योजनेत लिहिले आहे की जिल्ह्यात एक समिती असावी, जिल्हा न्यायाधीश अध्यक्ष, पोलिसांचा प्रमुख सभासद, आणि सभासद-चिटणीस कोण? जिल्ह्यातील सरकारी वकिलांचा प्रमुख! ज्यास धमकी आली त्याने अर्ज करावयाचा तो या चिटणिसामार्फत. महाराष्ट्राने तर 2017 सालीच साक्षीदारांच्या संरक्षणाचा स्वतःचा कायदा केला, आणि नव्या सुरक्षा संहितेचे 398 वे कलमही प्रत्येक राज्याने योजना करावी असे सांगते. आता आम्ही विचारतो, जनजागृतीच्या इतक्या शिबिरांत, इतक्या फ्लेक्सांखाली, "तुम्हांस धमकी आली तर माझ्याकडे या, अर्जाचा नमुना हा घ्या" असे एक वाक्य कोणी ऐकले आहे काय? आम्ही ऐकले नाही, आणि शिबिरे आम्ही पुष्कळ ऐकली. हेल्मेटाचे मात्र पाठ झाले आहे.

दारूचे बोलू. वर्धा जिल्हा गांधी-विनोबांच्या नावाने अर्धशतकापासून दारूबंदीचा. आमचा चौरस्ता म्हणजे त्या बंदीच्या भिंतीचे मोठे भोक. 2015 ते 2021 या काळात चंद्रपुरासही बंदी होती, तेव्हा तर दोन कोरड्या जिल्ह्यांच्या वाटेवर आमचे गाव. गाडी अडविली, पेट्या मोजल्या, पेट्यांमागे उभे राहून फोटो निघाला. खटला उभा राहतो तेव्हा पंच कोर्टात सांगतो, "सही माझी आहे, पण कागद मला वाचून दाखविला नाही, सही ठाण्यात घेतली." आरोपी सुटला! पंच म्हणून पुष्कळदा तीच ठरलेली माणसे, नाही तर आमच्यासारखे सरकारी नोकर. पंच म्हणजे काय, त्याने काय पाहावे, सही कशावर करावी व कशावर करू नये, हे शिकविणारे शिबिर आम्हांस कोणी दाखवावे. ज्या बायांनी रात्री काठ्या घेऊन हातभट्टीची मडकी फोडली, त्यांस खटल्याचा निकाल कोण कळवितो? दारूवाला कळवितो. सुटून आल्यावर तो त्यांच्या दारावरून मिशीवर हात फिरवीत जातो, तेव्हा त्यांस निकाल कळतो. पुढच्या वेळी मंडळाच्या बैठकीस निम्म्या बाया येत नाहीत.

आणि आमच्या शाळेतल्या पोरी! त्यांस शिबिरात सांगतात की कोणी अंगास हात लावला तर बोला, बाईंस सांगा, आईस सांगा. योग्यच सांगतात. 2012 चा बालकांच्या लैंगिक संरक्षणाचा कायदा, ज्यास सर्वजण पॉक्सो म्हणतात, तो आम्हां मास्तरांवरही बंधन घालतो की कळले तर कळविलेच पाहिजे. त्याच कायद्याच्या 35 व्या कलमात आहे की कोर्टाने गुन्ह्याची दखल घेतल्यापासून मुलाची साक्ष तीस दिवसांत व्हावी आणि खटला होता होईल तो वर्षाच्या आत संपावा. परंतु धीर करून बोललेली पोर पाचवीतून सहावीत जाते, सहावीतून सातवीत जाते, घरचे दर तारखेस मजुरी बुडवून येतात, आणि एक दिवस बाप म्हणतो, "मास्तर, कायले बोलू देलं तिले?" या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नाही, आणि असलेच तर ते वर्गात सांगण्याजोगे नाही. "बोला" म्हणून सांगणे सोपे. बोललेल्या पोरीस पुढच्या पायरीवर हात देणारे माणूस दाखविल्याशिवाय "बोला" म्हणणे हा तिच्याशी केलेला दगा आहे.

आता एक कडू गोष्ट, ती आपल्याच लोकांविषयी आहे. जोतीराव फुल्यांनी 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात कचेऱ्यांतील व कोर्टांतील भट कामगार अडाणी शेतकऱ्यास कागदांत कसे गुंडाळतात ते सांगून ठेविले आहे. त्यास एकशे चाळीस वर्षे उलटली. आज कोर्टात आपली मुले कारकून आहेत, वकील आहेत, न्यायाधीशही आहेत. गावात पाटील आपला, सरपंच आपला, सोसायटीचा अध्यक्ष आपला. मग गरीब फिर्यादी अजून गुंडाळला का जातो? कारण खुर्ची रिकामी झाली ती मोडली नाही, तिच्यावर आपण बसलो. 15 ऑगस्ट 2007 पासून महाराष्ट्रात तंटामुक्त गाव मोहीम निघाली. किरकोळ भांडणे गावात मिटावी, हा हेतू चांगला. त्यासाठी गावांस बक्षिसेही ठेविली. परंतु समितीचा अध्यक्ष कोण होतो? ज्याचा गावावर दाब आहे तो. आणि दाब ज्याचा, त्याच्या भावकीतला आरोपी. मग बांधाचे भांडण मिटविता मिटविता हात मोडल्याचे प्रकरण मिटते, शिवीगाळीचे मिटविता मिटविता जातीवाचक शिवीगाळीचे मिटते, आणि एखादे असेही मिटते की ज्याचे नाव घेतल्यास गावची अब्रू जाते असे म्हणतात. पोरीची गेली ती कोणी मोजत नाही. प्रकरण बुडविण्यासाठी गावात अध्यक्ष आहे, समिती आहे, बैठक आहे, पाटी आहे. प्रकरण तडीस नेण्यासाठी गावात कोण आहे? कोणी नाही! ही जागा रिकामी आहे तोवर दोष एकट्या साक्षीदाराचा नव्हे.

दलित व आदिवासी बांधवांपुरते कायद्याने एक पाऊल टाकले आहे. अॅट्रॉसिटी कायद्यात 2015 साली दुरुस्ती होऊन ती 26 जानेवारी 2016 पासून लागू झाली. त्यात 15-अ कलम आले. ते सांगते की खटल्यातील प्रत्येक कामकाजाची, जामिनाच्या अर्जाची सुद्धा, वेळेवर खबर मिळणे हा पीडिताचा हक्क आहे, आणि ती खबर विशेष सरकारी वकिलाने अगर सरकारने द्यावयाची आहे. 1995 च्या नियमांत आहे की या सरकारी वकिलांचे काम कसे चालले आहे याची तपासणी कलेक्टराने व खटला खात्याच्या प्रमुखाने वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, करावी. आणि पीडिताने मागणी केली तर कलेक्टर नामांकित वकीलही देऊ शकतो. हे नियम महाराच्या, मांगाच्या, गोंडाच्या झोपडीत कोणी नेऊन वाचून दाखविले? आणि जी खबर देणे त्यांच्यापुरते बंधनकारक आहे, ती कुणब्याच्या विधवेस, तेल्याच्या पोरास, पारध्याच्या म्हातारीस दिल्याने सरकारचे काय बुडणार आहे? नव्या संहितेत पोलिसांस सांगितले आहे की तपास कोठवर आला ते नव्वद दिवसांत फिर्यादीस अगर पीडितास कळवावे, मोबाइलवरून कळविले तरी चालेल. तेथवर ठीक. पुढे कागद कोर्टात गेला की कळविण्याचे बंधन संपले, फिर्यादी अंधारात.

आमचे हे म्हणणे ऐकून काही वकील मित्र हसतात. एक म्हणतात, तारीख आता मोबाइलवर दिसते. दिसते खरी, पण तीस खटल्याचा सोळा अक्षरी नंबर लागतो, आणि तो नंबर म्हातारीच्या हाती देणारा माणूस कोण हाच तर आमचा सवाल आहे! दुसरे म्हणतात, सरकारी वकिलाने साक्षीदारास आधी भेटले तर साक्षीदार पढविला असा आरोप येईल. हा आक्षेप वजनदार आहे, म्हणून त्यास उत्तर दिले पाहिजे. "असे सांग" म्हणणे हे पढविणे. "न्यायाधीश कोठे बसतात, उलटतपासणी म्हणजे काय, प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचार, आठवत नाही तर आठवत नाही म्हण, खोटे बोलू नको" हे सांगणे पढविणे नव्हे. परीक्षेस बसणाऱ्या पोरास आम्ही उत्तरे सांगितली तर तो गुन्हा; पण परीक्षेचे केंद्र कोठे आहे व पेपर किती वाजता आहे हे सांगितले नाही तर आम्हांस मास्तर कोण म्हणेल?

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे. एका एका सरकारी वकिलाच्या गळ्यात फायलींचे गाठोडे असते, हाताशी पुरते कारकून नसतात, सकाळी अकरा ते संध्याकाळपर्यंत कोर्टातून मान वर काढता येत नाही. कित्येक सरकारी वकील प्रामाणिक आहेत, रात्री जागून फायली वाचतात, हे आम्ही जाणतो. आमचे भांडण त्यांच्याशी नाही. ज्या सरकारला फ्लेक्स छापावयास पैसा मिळतो व कारकून नेमावयास मिळत नाही त्या सरकारशी आहे.

परमुलखातले एक उदाहरण घेऊ. जोतीरावांनी 1873 साली 'गुलामगिरी' अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केली होती, तेव्हा अमेरिकेचे नाव आमच्या पत्राच्या वाचकांस परके नाही. तेथे ओरेगन संस्थानात पोर्टलंड शहर आहे. तेथील सरकारी वकिलास लोक मते देऊन निवडतात. 1990 साली मायकेल श्रंक नावाच्या सरकारी वकिलाने आपला एक हाताखालचा वकील कोर्टातून काढून लॉइड नावाच्या वस्तीतच नेऊन बसविला. त्याने लोकांस विचारले, तुम्हांस छळते काय? लोकांनी खुनाचे नाव घेतले नाही. उघड्यावर दारू पिणे, गाड्या फोडणे, रात्री झोप न येणे अशा बारीक गोष्टी सांगितल्या. तो वकील पोलिसांबरोबर, वस्तीबरोबर बसून त्या सोडवू लागला, आणि ही रीत पुढे त्या देशात पुष्कळ शहरांनी उचलली. तीतही एक मेख आहे, तीही सांगतो: त्या पहिल्या वकिलाचा खर्च तेथल्या व्यापाऱ्यांनी उचलला होता. आमच्याकडे असे झाले तर वकील कोणाच्या ओट्यावर बसेल ते सांगण्याची गरज नाही. तेव्हा घ्यावयाचे ते ओट्यावर बसणे घ्यावे, ओटा मात्र ग्रामपंचायतीचा, आणि पगार सरकारी तिजोरीतला.

आमचे मागणे मोठे नाही. शिबिराचा हार, शाल व मंडप बंद करा. आठवडी बाजाराच्या दिवशी, महिन्यातून एकदा, खात्याचा एक माणूस ग्रामपंचायतीत टेबल मांडून बसावा. वकील नसेल तर कारकून चालेल, पण त्याच्यापाशी त्या गावच्या चालू खटल्यांची यादी असावी. येईल त्यास पुढची तारीख कागदावर लिहून द्यावी. मजुरी बुडवून साक्षीस आलेल्यास वाजवी खर्च देण्याचा हुकूम कोर्ट करू शकते, हे त्याने सांगावे व अर्जाचा नमुना द्यावा. आरोपी सुटला तर का सुटला ते चार मराठी वाक्यांत फिर्यादीस सांगावे, आणि हेही सांगावे की 2009 च्या अखेरीपासून अपील करण्याचा हक्क पीडितासही आहे, सरकारच्या तोंडाकडे पाहत बसण्याचे कारण नाही. सरकारला खटला मागे घ्यावयाचा असेल तर नव्या संहितेच्या 360 व्या कलमाप्रमाणे पीडिताचे म्हणणे ऐकल्याशिवाय कोर्ट परवानगी देऊ शकत नाही. पुढाऱ्यांच्या गुन्ह्यांचे कागद मुंबईस जातात तेव्हा हे कलम कोणी आठवीत नाही, म्हणून ते बाजारात मोठ्याने वाचावे. फिर्यादीस सरकारी वकिलाच्या मदतीस आपला वकील देता येतो हेही सांगावे. व्याख्यान देण्याची हौस असेल तर ते तंटामुक्ती समितीपुढे द्यावे, आणि विषय ठेवावा: कोणते गुन्हे मिटविता येत नाहीत.

टेबल येईल तेव्हा येईल. तोवर जामच्या आसपासच्या बंधुभगिनींनी इतके करावे. फिर्याद दिली की तिची नक्कल मागावी. ती फुकट मिळते, ठाण्यात पैसे मागितल्यास देऊ नये. खटल्याचा नंबर कोर्टातून लिहून घेऊन घरच्या भिंतीवर लावावा. साक्षीच्या आधी सरकारी वकिलाच्या खोलीत जाऊन नाव सांगावे, हाकलले तर बाहेर बसावे, पण जावे. धमकी आली तर तोंडी सांगत हिंडू नये. दिवस, वेळ, माणूस व शब्द लिहून एक अर्ज जिल्ह्याच्या सरकारी वकिलाच्या कचेरीत व एक पोलीस अधीक्षकाकडे द्यावा आणि पोच घ्यावी. ज्यांस लिहिता येत नाही त्यांनी शाळा सुटल्यावर, साडेपाचनंतर, आमच्याकडे यावे. अर्ज आम्ही लिहून देऊ. कागद ज्याचा त्याने आणावा, आणि सोबत आपल्या घरचे एक शिकते पोर आणावे, म्हणजे दुसरा अर्ज लिहावयास आमची गरज पडणार नाही.